आत्ता कोणी बोललं का?

श्रीमती कुमुदताई हदगावकर यांची आणि माझी पहिली ओळख पाठमोरी झाली. हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या एका जुन्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या नाट्यमंडळाची तालीम चालली होती. मी पेशानं दिवाणी वकील. कोर्टात तासन् तास बोलायला मला काही वाटत नाही, पण नाटकातलं पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी हमखास गायब होतं. त्या संध्याकाळीही दुसऱ्या अंकात माझं घोडं अडलं. आमचे तेव्हाचे प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत पुस्तक धरून विसरलेलं वाक्य पुरवणारे सद्गृहस्थ, पुस्तक खुर्चीवर ठेवून खाली चहाला गेले होते. मी आता त्यांच्या नावानं शंख करणार, इतक्यात माझ्या पाठीमागून, शेवटच्या बाकावरून, एका बाईंचा आवाज आला. हलका, स्वच्छ, आणि माझ्या वाक्याचे फक्त पहिले दोन-तीन शब्द. पुढचं सगळं वाक्य मला धाडकन आठवलं आणि प्रवेश पुढे गेला.

प्रवेश संपल्यावर मी वळून पाहिलं. बाकावर आमच्या वेशभूषा सांभाळणाऱ्या सुशीलावहिनी एका साडीला फॉल लावत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांच्या नणंद. पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, अंगावर सुती साडी, वय साठीचं. महिनाभर त्या वहिनींबरोबर तालमीला येत होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता मात्र त्यांनी पदर तोंडावर धरला होता आणि चेहरा घाबराघुबरा झाला होता. त्यांनी वहिनींना विचारलं, "सुशीला, मी मोठ्यानं बोलले का?"

वहिनींनी सुईवरची नजरही काढली नाही. म्हणाल्या, "हो वन्सं, मोठ्यानं बोललात. आणि बरोबर बोललात."

नुसतं तालीम ऐकून या बाईंचं अख्खं नाटक पाठ झालं होतं. मी खुर्चीवरचं पुस्तक उचललं आणि त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवलं. चहा घेऊन परत आलेल्या प्रॉम्प्टरांची नोकरी तिथल्या तिथे गेली. त्यांनीही वाईट वाटून घेतलं नाही, कारण त्यानंतर त्यांना चहा निवांत घेता येऊ लागला. त्या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. ते पुस्तक अजून ताईंकडेच आहे.

आता एक खुलासा. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचं ठरलं, तेव्हा आमच्या समितीनं परिचयात मोठ्या अदबीनं एक वाक्य घातलं होतं. मध्यंतरी प्रकृतीच्या कारणानं त्या सार्वजनिक जीवनापासून दूर होत्या, असं काहीसं. ताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद परत पाठवला. मला मधुमेह असता तर तुम्ही नाव लिहिलं असतं, मग याचंही लिहा. नाहीतर सत्कार नको, असा निरोप सोबत आला. म्हणून लिहितो. ताईंना स्किझोफ्रेनिया आहे. आजही त्या त्याची गोळी घेतात. हा लेख त्यांनी छापण्याआधी वाचला आहे. त्यांनी त्यातली तीन विशेषणं काढली आणि वकिलाचा लेख असूनही मुद्द्यावर आहे, असा शेरा दिला.

ताईंची हकीगत मला त्यांच्याच तोंडून कळली, तीही तुकड्यातुकड्यांनी, हॉलच्या पायऱ्यांवर चहा पिता पिता. तरुणपणी त्या शाळेत मराठी शिकवीत आणि हौसेनं नाटकात काम करीत. काम म्हणजे साधंसुधं नव्हे. जुने लोक सांगतात की त्या रंगमंचावर आल्या की मागच्या रांगेतली कुजबूज थांबायची. तेविसाव्या वर्षी एका प्रयोगात त्या उभ्या असताना समोरच्या नटानं आपल्याला शिवी दिली, असं त्यांना स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी ताडकन उत्तर दिलं. असं वाक्य नाटकात नव्हतं, आणि शिवीही कोणी दिली नव्हती. प्रेक्षक हसले. ताईंनी त्या हसण्यालाही उत्तर दिलं. मग पडदा पाडावा लागला. त्या दिवसानंतर ताई माणसांसमोर उभ्या राहिल्या नाहीत.

पुढची तीसेक वर्षं गौलीगुड्याच्या घरातल्या मागच्या खोलीत गेली. अंगारे झाले, धागेदोरे झाले, दवाखाने झाले. आवाज त्यांना नावानं हाक मारीत आणि घालूनपाडून बोलत. आईवडील खचून गेले. भाऊ सज्जन, पण हतबल. त्या घरात सुशीलावहिनी लग्न होऊन आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांना मागच्या खोलीत चहा ठेवून लगेच परत यायला सांगितलं होतं. वहिनी चहा घेऊन गेल्या त्या स्वतःचाही कप घेऊन, आणि तिथेच बसून प्यायल्या. हे त्यांनी रोज केलं. नणंदबाई कधी बोलत, कधी भिंतीशी बोलत, कधी कप भिरकावीत. वहिनी दुसऱ्या दिवशी स्टीलचा कप नेत.

ताई पन्नाशीच्या पुढे गेल्यावर एक नवे डॉक्टर भेटले. त्यांनी औषध बदललं, आणि आजवर कोणी केली नव्हती अशी एक गोष्ट केली: आवाज काय म्हणतात ते शांतपणे ऐकून घेतलं. एवढ्या वयात आता काय फरक पडणार, असं नातेवाईक वहिनींच्या तोंडावर बोलत. फरक पडत गेला, पण इतका हळू की घरच्यांनाही कळेना. तो वहिनींना कधी उमगला, हे त्यांच्याकडूनच ऐकण्यासारखं आहे. एका दुपारी ताई स्वयंपाकघरात आल्या, वरण चाखलं आणि म्हणाल्या, यात गूळ कोणी घातला? आपल्या घरात वरणात गूळ घालत नाहीत. वहिनी म्हणाल्या, माझ्या माहेरी घालतात. ताई म्हणाल्या, मग माहेरी घाल. झालं, दोघींची चांगली जुंपली. अर्ध्या भांडणात वहिनी खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. ताई घाबरल्या, आपलं काही चुकलं का म्हणून. वहिनी सांगतात, "अहो, लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. नणंद-भावजयीचं पहिलं भांडण झालं हो आमचं." मला हा प्रसंग इतका आवडतो की मी तो वहिनींना दर दिवाळीला पुन्हा सांगायला लावतो. गुळाचा वाद मात्र अजून निकालात निघालेला नाही.

ताईंना चमत्काराच्या गोष्टी आवडत नाहीत. लोक विचारतात, मग आता आवाज गेले का? त्या सांगतात, गेले नाहीत, पण शेजारच्या घरात रेडिओ लागावा तसे आहेत. कधी बंद, कधी बारीक, आणि दार लावून घ्यायला मला आता येतं. ताई दिवसातून कितीदा तरी एक प्रश्न विचारतात. आमच्या मंडळात नव्या माणसाला आधी तो प्रश्न शिकवला जातो आणि मग नाटक. प्रश्न असा: "आत्ता कोणी बोललं का?"

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की शंका आली तर विश्वासाच्या माणसाला विचारावं. ताईंनी आमच्यावर, म्हणजे गप्पा, भांडणं आणि फुशारक्या यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नटमंडळींवर, तो विश्वास टाकला. त्या विचारतात आणि जो जवळ असेल तो हो किंवा नाही एवढंच सांगतो. कोणी दचकत नाही, कोणी दुःखी चेहरा करत नाही. ताई मान हलवून पुस्तकाकडे वळतात आणि तालीम चालू राहते.

हा रिवाज पक्का झाला तो श्रावणीमुळे. श्रावणी आमची हल्लीची नायिका. हायटेक सिटीत कंपनीत नोकरी, घरात मराठी, बाहेर तेलुगू आणि दखनी, म्हणजे हैदराबादी उर्दू. मराठी वाचायला लागली की एकेक अक्षर खडे निवडल्यासारखं निवडते. ती मंडळात नवीन असताना ताईंनी तिला विचारलं, आत्ता कोणी बोललं का? कोणीच बोललं नव्हतं. पण म्हाताऱ्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून ही गुणी मुलगी म्हणाली, हौ ताई, मीच बोलले. ताईंनी विचारलं, काय बोललीस? श्रावणी गडबडली. असंच, काहीतरी, म्हणाली. ताईंनी पुस्तक मिटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"मला बरं वाटावं म्हणून तू खोटं बोललीस," त्या म्हणाल्या. "उद्या मी माझ्या कानांवर विश्वास कसा ठेवू, सांग. तुम्ही खरं सांगता म्हणून मी इथे बसू शकते."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं तर अशी चूक आमच्यासारख्यांच्याच हातून व्हायची. रंगमंचावर कोणी अडलं की पदरचं वाक्य घालून त्याला सावरून घ्यायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. दुसऱ्या दिवशी ताई डबाभर धपाटे घेऊन आल्या आणि श्रावणीला शेजारी बसवून घेतलं. ताईंनी तिची सगळी भूमिका तिला तोंडी सांगितली आणि तिनं ती तेलुगू लिपीत उतरवून घेतली. ताई लहानपणापासून हैदराबादच्या, त्यांना तेलुगू छान वाचता येतं. तिनं लिहिलेलं तपासायलाही त्याच. तेव्हापासून दोघींचं असं जमलं की आम्हांला हेवा वाटतो. त्या प्रश्नाला श्रावणी अजूनही हौ किंवा नै असं ठणठणीत दखनीत उत्तर देते, आणि तिचं ऐकून आम्ही सगळेच तसं बोलायला लागलो आहोत. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे आमचे अध्यक्षसुद्धा.

प्रॉम्प्टर म्हणून ताईंची खासियत सांगायलाच हवी. नट थांबला की घाबरून वाक्य फेकणारे प्रॉम्प्टर पुष्कळ असतात. ताई थांबतात. कोणती शांतता नटानं मुद्दाम घेतली आहे आणि कोणती विसरल्यामुळे आली आहे, हे त्यांना त्याच्या श्वासावरून कळतं. मी एकदा विचारलं, तुम्हांला कसं हो कळतं? त्या हसून म्हणाल्या, वकीलसाहेब, मी जन्मभर दुसरं केलं काय? कोणता आवाज आहे आणि कोणता नाही, हेच तर बघत आले.

ताईंचं हे ऐकणं मंडळापुरतं राहिलेलं नाही. काचीगुड्याला माझ्या ओळखीच्या एका घरी तरुण मुलीला असाच आजार जडला. आईवडिलांनी दार लावून घेतलं होतं. मुलगी परगावी शिकायला गेली आहे, असं ते शेजाऱ्यांना सांगत. मी ताईंना घेऊन गेलो. ताईंनी आत गेल्यावर आपली ओळख करून दिली ती अशी की मी गौलीगुड्यातल्या मागच्या खोलीत तीस वर्षं होते. मुलीची आई त्यांच्याकडे बघतच राहिली. ताई मुलीकडे नंतर गेल्या, आधी त्या आईजवळ बसल्या. मुलीच्या आवाजांशी वाद घालू नका आणि होला हो पण करू नका, डॉक्टर सोडू नका, आणि रोज तिच्याजवळ बसून चहा प्या, इतकंच त्यांनी सांगितलं. निघताना त्या आईनं विचारलं, ती कधी बरी होईल? ताई म्हणाल्या, ते मला नाही सांगता येणार, पण मी आले की नाही रिक्षानं तुमच्याकडे? ती बाई कित्येक दिवसांनी हसली, असं तिचे यजमान नंतर मला म्हणाले. ताई अजून त्या घरी जातात. मुलगी आता दाराशी येऊन त्यांची वाट बघते.

सगळं असं गोडीगुलाबीनंच चाललं, असं मात्र नाही. गेल्या वर्षी वार्षिक प्रयोग तोंडावर आला असताना ताई तालमीला आल्या आणि सगळ्यांना गोल बसवलं. झोप उडाली आहे, आवाज वाढले आहेत, डॉक्टरांना भेटून आले आहे, गोळी वाढवली आहे, काही दिवस पुस्तक धरता येणार नाही, असं त्यांनी तापाबद्दल सांगावं तसं सांगितलं. त्या घरी गेल्यावर समितीत चर्चा झाली. आता त्यांचं वय झालं, त्यांना उगाच त्रास नको, कायमचा दुसरा प्रॉम्प्टर बघू, असा सूर निघाला. मी वकिली सुरात विचारलं की माझं पित्ताशय काढलं तेव्हा माझी भूमिका कोणाला दिली होती? कोणालाच नाही, महिनाभर थांबला होतात ना? पण माझ्या युक्तिवादाची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. वहिनींमार्फत त्यांना आमची कुजबूज बरोबर ऐकू गेली होती, आणि ही अगदी खरी होती.

"मला काढू नका," त्या म्हणाल्या, "आणि जपूही नका. जागा तेवढी ठेवा."

जागा ठेवली. मधल्या काळात पुस्तक सुशीलावहिनींकडे गेलं आणि आमचे हाल कुत्रा खाईना. वहिनी इतक्या तत्पर की नटानं तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य स्वतःच म्हणून मोकळ्या. एका प्रवेशात तर त्या माझ्याशी दोन्ही बाजूंनी बोलल्या. ताईंना हे कळलं तेव्हा त्या घरी बसून पोट धरून हसल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि प्रयोगाच्या आधी त्या परत आल्या. थोड्या थकलेल्या, पण चष्मा पुसून जागेवर बसल्या. वहिनींनी पुस्तक परत केलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि त्या नेमक्या कोणासाठी होत्या हे वहिनींना बरोबर कळलं.

प्रयोग रंगला. हॉल भरला होता. शेवटच्या प्रवेशात श्रावणी बापाचं घर सोडून निघते आणि दाराशी थांबते. ती थांबली, आणि थांबूनच राहिली. समोर बाप म्हणून मी उभा. ताई गप्प. मी मनातल्या मनात ओरडत होतो, अहो द्या की वाक्य. ताई तरीही गप्प. मग श्रावणी सावकाश वळली आणि तिनं ते वाक्य असं म्हटलं की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ती विसरलीच नव्हती. ते कळलं होतं फक्त ताईंना.

पडदा पडला, पुन्हा उघडला. मी एकेकाची ओळख करून दिली आणि शेवटी म्हणालो की आमची एक कलावंत विंगेत बसली आहे. त्यापुढे मला काही बोलावं लागलं नाही. मागच्या रांगेतून कोणी जुन्या माणसानं हाक दिली, कुमुदताई. मग दुसऱ्यानं. मग अख्खा हॉल टाळ्यांच्या तालावर त्यांचं नाव घेऊ लागला.

मी विंगेकडे बघितलं. ताई पुस्तक छातीशी धरून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक. मला त्यांची आयुष्यभराची धास्ती ठाऊक होती. अशाच आवाजांनी त्यांना वर्षानुवर्षं नावानं हाका मारल्या होत्या, आणि अशाच एका गर्दीसमोरून त्या आत गेल्या होत्या. आता त्या पुन्हा आतच जाणार, असं मला वाटलं. त्या रांगेच्या टोकाला, विंगेजवळ उभ्या असलेल्या श्रावणीकडे वळल्या.

"आत्ता कोणी बोललं का?"

"हौ ताई," श्रावणी म्हणाली. "सगळे बोलतायत."

"माझं नाव?"

"हौ. तुमचंच."

ताईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं, चपला विंगेत काढल्या आणि बाहेर आल्या. अनवाणी, चष्मा नाकावर घसरलेला. पन्नास वर्षांनी त्या रंगमंचावर आल्या आणि मधोमध उभं राहून त्यांनी हात जोडले. टाळ्या थांबेचनात. प्रेक्षकांत सुशीलावहिनी होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, कारण त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते. मी पण रडलो, सांगायला लाज कसली. मग ताई माझ्याकडे सरकल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी हृद्य बोलणार. त्या कानाशी म्हणाल्या, "दुसऱ्या अंकात तुम्ही दोन वाक्यं खाल्लीत."

ताई, यापुढचं तुम्हांलाच उद्देशून. पंचाहत्तरीच्या समारंभात तुम्हांला त्याच रंगमंचावर मधल्या खुर्चीत बसायचं आहे. तुमची झोप, तुमची गोळी आणि वहिनींशी तुमचं भांडण, तिन्ही वेळच्या वेळी होत राहोत. हातातलं पुस्तक आणि पायातलं बळ टिको. तुमच्या शंभरीच्या नाटकात मी नव्वदीचा नायक म्हणून उभा राहणार आहे आणि सगळीच वाक्यं विसरणार आहे, तेव्हा तुम्हांला यावंच लागेल. त्या दिवशी भाषणं होतील, हार पडतील, पुष्कळ लोक तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं बोलतील, आणि मला माहीत आहे, मध्येच तुमची शंकेची नजर आमच्याकडे वळेल. खुशाल विचारा. संकोच करू नका. या वेळी उत्तर एकटी श्रावणी देणार नाही, हॉलमधला प्रत्येक माणूस देईल.

हौ ताई, बोललं. आम्हीच बोललो.